‘मदत हवी’ या चौकटीत खूण कराच

वाळवा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, यजमान शेती बघतात. थोरली लेक अकरावी सायन्सला, धाकटा मुलगा सातवीत. पत्रातला मुद्द्याचा भाग असा:

‘लेकीला पदवीसाठी अमेरिकेला जायचं आहे. दहावीला ९६ टक्के आहेत. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न बारा लाखांच्या आसपास. पुण्यातल्या एका सल्लागारांना भेटलो. त्यांनी दोन वर्षांचे साडेचार लाख सांगितले. म्हणाले, अर्जात आर्थिक मदत नको असंच लिहायचं. मदत मागितली की अर्ज बाजूला पडतो, एकदा प्रवेश झाला की पुढचं बघता येतं. निबंध त्यांची माणसं लिहून देतील, मुलीच्या नावाने एक संस्थाही काढून देतील. दीर म्हणतात, अर्धा एकर काढून टाका, पोरीचं भलं होईल. माझं मन धजत नाही. मदत मागितल्याने खरंच दार बंद होतं का? किती टक्के लागतात? लेक हुशार आहे, पण तिचं खास असं काही नाही. घरचं दूध संस्थेत घालते, त्या पावत्या वहीत चिकटवून फॅटचे आकडे मांडत बसते, तेवढाच नाद.’

प्रिय ताई,

शेत विकायला काढू नका आणि ‘मदत नको’ या चौकटीत खूण करू देऊ नका. हे आधीच सांगते, म्हणजे बाकीचं पत्र निवांत वाचाल.

सल्लागारांच्या बोलण्यात थोडं खरं आहे, आणि तेवढ्यावरच ते तुम्हाला चुकीच्या वाटेला लावत आहेत. सगळी कॉलेजं एका मापाने मोजता येत नाहीत. परदेशी विद्यार्थ्याने पैशांची मदत मागितली तर काय होतं, ते कॉलेजागणिक बदलतं, आणि सगळा निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट ही कॉलेजं परदेशी मुलांनाही ‘नीड-ब्लाइंड’ पद्धतीने निवडतात. म्हणजे निवड समितीच्या टेबलावर तुमच्या घरच्या पैशांचा विचारच होत नाही. आधी मुलगी निवडायची, मग तिला किती कमी पडतं ते बघायचं आणि ती तूट कॉलेजने भरून काढायची. डार्टमथ आणि बोडिनने २०२२ मध्ये परदेशी मुलांना हीच पद्धत लावली, ब्राउनने २०२५ च्या तुकडीपासून. इथे ‘मदत नको’ लिहून एका पैचाही फायदा नाही, उलट मिळणारी मदत हातची जाते.

स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ ही दुसऱ्या पद्धतीची. त्यांना ‘नीड-अवेअर’ म्हणतात. निवडलेल्या मुलाची पूर्ण गरज तीही भागवतात, पण परदेशी मुलांसाठी ठेवलेले पैसे मोजके असल्याने निवडतानाच कोणाला किती लागणार हे पाहिलं जातं. इथे मदत मागितल्याने स्पर्धा कठीण होते, तेवढं सल्लागारांचं बरोबर आहे. पण ‘पुढचं बघता येतं’ हे त्यांचं वाक्य नीट तपासा. स्टॅनफर्डचा नियम असा आहे की परदेशी विद्यार्थ्याने अर्ज करतानाच मदत मागितली नाही, तर चारही वर्षं त्याला ती मागता येत नाही. आणि ‘पुढचं’ फार लांब नसतं. प्रवेश मिळाल्यावर व्हिसासाठी कॉलेजकडून आय-२० नावाचा कागद लागतो. तो देण्याआधी किमान पहिल्या वर्षाचा खर्च तुमच्याकडे आहे याचा पुरावा मागतात. या कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट खर्च आज वर्षाला ८५ ते ९५ हजार डॉलर आहे, म्हणजे पाऊण कोटी रुपयांच्या घरात. मदत नको म्हणून सांगितलेल्या घराने एप्रिलमध्ये हा आकडा कुठून दाखवायचा? अर्ध्या एकराने ते भागणार नाही. शैक्षणिक कर्ज म्हणाल तर साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका बहुधा तारण मागतात, आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून घेत नाहीत. मग ‘चार दिवसांपुरता बॅलन्स दाखवून देतो’ म्हणणारे भेटतात, आणि तिथून कुटुंब खोट्यात अडकतं.

कॅलिफोर्नियाची बर्कली, यूसीएलए ही सरकारी विद्यापीठं तर परदेशी मुलांना गरजेवर आधारित मदत देतच नाहीत. नाव कितीही मोठं असलं तरी तुमच्या यादीतून ती वजा करा. फाफसा नावाचा अर्जही कोणी भरायला सांगितला तर भरू नका. ती अमेरिकी सरकारची मदत आहे आणि आपल्या मुलांना लागू होत नाही.

आता तुमच्या बारा लाखांचं बघू. डॉलरमध्ये ते साधारण १४ हजार होतात. हार्वर्डने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलं की वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि मालमत्ता नेहमीच्या प्रमाणात असलेल्या घरांकडून फी, राहणं, जेवण यांपैकी कशाचेही पैसे घेतले जाणार नाहीत. परदेशी विद्यार्थ्यांना तिथे मदतीचे नियम अमेरिकन मुलांचेच आहेत. एमआयटीचीही एक लाख डॉलरखालच्या घरांसाठी अशीच सोय आहे. तुम्ही त्या रेषेच्या किती खाली आहात ते बघा. म्हणजे प्रवेश मिळाला, आणि तो फार कठीण आहे, त्यावर मी पुढे बोलतेच, तर शेताला हात न लावता लेक शिकू शकते. ही रक्कम कर्ज नसते, फेडायची नसते. मुलीला आठवड्याचे काही तास लायब्ररीत किंवा कॅन्टीनमध्ये काम करावं लागेल, तेवढंच.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘मागितलं तर आपण गरीब दिसू’. ताई, हार्वर्डमध्ये निम्म्याहून अधिक मुलं गरजेवर आधारित मदत घेऊन शिकतात आणि जवळपास चौथ्या हिश्श्याच्या घरांना काहीच भरावं लागत नाही. आपल्याकडचंच सांगायचं तर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते सयाजीराव महाराजांच्या बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. शिकायला पैसे मागण्यात कमीपणा कसला?

मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा लांबलचक अर्ज असतो. रुपयांत भरता येतो. सोबत तुमचा फॉर्म १६, पगाराच्या पावत्या, प्राप्तिकराचं विवरणपत्र, बँकेची खाती लागतात, आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर. इथे शेतकरी घरं दोन ठिकाणी अडतात.

पहिलं, शेतीचं उत्पन्न करमुक्त असल्याने विवरणपत्रात ते बहुधा नीट दिसत नाही. म्हणून लपवू नका. कारखान्याची ऊसबिलं हप्त्यांनुसार लावा, खताचा, मजुरीचा, पाणीपट्टीचा खर्च लिहा आणि हाती काय उरतं ते सांगा. दुधाचं बिलही दाखवा.

दुसरं सातबाऱ्याचं. अर्धा एकर काढायचा सल्ला दीर देतात, यावरून माझा अंदाज की उताऱ्यावर त्यांचंही नाव असेल, कदाचित सासूबाईंचं आणि नणंदांचंही. आपल्याला ते रोजचं आहे. बॉस्टनमध्ये बसून अर्ज तपासणाऱ्या बाईंना ते कसं कळणार? त्यांना सामाईक गटाचं सगळं क्षेत्र आणि आजचा बाजारभाव दिसला, तर तुमच्या नावावर मोठी इस्टेट उभी राहील. अर्जाच्या शेवटी खुलासा लिहायला जागा असते. तिथे साध्या भाषेत लिहा: जमीन वडिलोपार्जित आहे, वाटप झालेलं नाही, इतके हिस्सेदार आहेत, आमच्या वाट्याला इतके गुंठे येतात, त्यावरच घर चालतं आणि बाकीच्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही. उताऱ्याचं भाषांतर जोडा. हे काम तुम्ही आणि लेक दोन रविवारी करू शकाल, त्याला साडेचार लाख लागत नाहीत.

आणि एक आकडाही खोटा नको. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय मुलाने पूर्ण शिष्यवृत्तीसाठी खोटे गुणपत्रक आणि जिवंत वडिलांच्या मृत्यूचा खोटा दाखला लावल्याचं उघडकीस आलं. त्याला अटक झाली, नाव काढून टाकलं आणि देशात परत यावं लागलं. ते वाचून मला त्या मुलाचा राग येण्याआधी पोटात कालवलं. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात ‘सगळे असंच करतात’ हे कोणी भरलं असेल?

किती टक्के लागतात, हा तुमचा दुसरा प्रश्न. आपल्याला जेईईचा पर्सेंटाइल आणि मेडिकलची कट-ऑफ यांची सवय, म्हणून आपण आकडा विचारतो. तिथे अशी रेषा नाही. नववी ते बारावीचे गुण बघतात, आणि तेही तुमच्या लेकीच्या शाळेच्या संदर्भात: शाळेत काय शिकायची सोय होती आणि तिने त्यातलं किती घेतलं. राज्य मंडळाची मुलगी म्हणून दार बंद होत नाही. सॅट ही अमेरिकी कॉलेजांची प्रवेशासाठीची परीक्षा साथीच्या काळात ऐच्छिक झाली होती. एमआयटीने ती २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली, हार्वर्ड, डार्टमथ आणि ब्राउनने २०२४ मध्ये. १६०० पैकी १५०० च्या पुढे गुण असले तर अर्ज पुढे वाचला जातो, एवढंच समजा. १६०० मिळवूनही नकार आलेली मुलं पुष्कळ असतात. गणित तिचं चांगलं असणारच, इंग्रजी वाचनाचा भाग मात्र आजपासून रोज एक तास द्यावा लागेल.

गुणांइतकंच वजन दोन शिक्षकांच्या शिफारसपत्रांना असतं. इथे माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगते, जी मला अजून टोचते. मी २९ वर्षं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. शेवटच्या काही वर्षांत एक मुलगा टाइप केलेलं पत्र घेऊन आला, ‘मॅडम, फक्त सही हवी.’ पत्रात मी त्याच्या ‘वर्गातल्या चमकदार प्रश्नांचं’ कौतुक केलं होतं. तो आमच्या पटावर होता, पण दोन वर्षं शहरातल्या क्लासला बसत होता, आणि प्रॅक्टिकलच्या दोन दिवसांपलीकडे मी त्याचा आवाजही ऐकला नव्हता. मुलगा गुणी असेलही. मी सही केली. ते पत्र वाचणाऱ्याला त्यात कोणीच दिसलं नसणार, कारण मलाही कोणी दिसत नव्हतं.

म्हणून विचारते: तुमची लेक कॉलेजात रोज जाते, की नाव एकीकडे आणि क्लास दुसरीकडे? तसं असेल तर आत्ताच बदल करा. आठवड्यातले चार दिवस वर्गात बसू दे, एका तरी शिक्षकाला ती कशी विचार करते हे माहीत होऊ दे. ‘तिने मला लोलकाच्या प्रयोगात चूक दाखवली’ असं एक वाक्य त्या शिक्षकाने मोडक्या इंग्रजीत लिहिलं, तरी ते सल्लागाराच्या दोन गुळगुळीत पानांपेक्षा मोलाचं आहे.

मुलीच्या नावाने संस्था काढण्याचं तर मनातूनच काढून टाका. अर्ज वाचणारी माणसं दरवर्षी अशा कागदावरच्या संस्था शेकड्यांनी बघतात.

आणि आता त्या वहीबद्दल, जिला तुम्ही ‘तेवढाच नाद’ म्हणून पत्राच्या शेवटी ढकललंत. माझी नजर तिथेच थांबली. म्हशीच्या दुधाची पावती माझ्या डोळ्यांपुढे आहे: लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम. सकाळ-संध्याकाळच्या अशा पावत्या एक अकरावीतली मुलगी कोणी न सांगता मांडून ठेवते आहे. तिला विचारा, संध्याकाळच्या धारेला फॅट सकाळपेक्षा जास्त लागतं का? दोन धारांमधलं अंतर संध्याकाळी कमी असतं, म्हणून बहुधा जास्त लागायला हवं. पावसाळ्यात हिरवा चारा वाढला की आकडा खाली येतो का? म्हैस व्यायल्यानंतरच्या महिन्यांत काय होतं? एखाद्या आठवड्यात सगळ्याच आकड्यांनी एकदम खाली उडी मारली असेल, तर ती म्हशीमुळे की यंत्रामुळे, हे कसं ओळखायचं? शेजारच्या चार घरांच्या पावत्या मिळाल्या तर हे ताडून बघता येईल. हे तिने करून पाहिलं आणि काय चुकलं, काय कळलं ते ६५० शब्दांत स्वतःच्या इंग्रजीत लिहिलं, तर तो निबंध जगात दुसऱ्या कोणालाच लिहिता येणार नाही. तो दुसऱ्या कोणाला लिहू देऊ नका. व्याकरण तपासायला इंग्रजीच्या बाई आहेतच.

आता कठीण भाग, आणि तो लेकीसमोर बसून वाचा. २०२४ च्या तुकडीसाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. अठ्ठावीस अर्जांत जेमतेम एक. परदेशी मुलांची वाट याहून अरुंद. एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरात दोन-एक जणच निवडले जातात. त्यात हा खेळ सगळ्यांना सारखा नाही. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये दाखवून दिलं की परीक्षेतले गुण सारखे असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या अमेरिकन मुलांची अशा कॉलेजांत शिकण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, महागड्या खेळांतून होणारी निवड, ही त्याची कारणं. एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना असं झुकतं माप देत नाही, ॲमहर्स्टने ते २०२१ मध्ये बंद केलं. मला याची चीड येते. पैसे नसलेल्या मुलांसाठी दार उघडं ठेवलंय म्हणणाऱ्या संस्थेने मागच्या दाराने कोणाला आत घेतलं हेही सांगायला हवं. सरकारी धोरणांचा भरवसाही कमी झाला आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्डचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच काढून घ्यायचा प्रयत्न केला, न्यायालयाने तो थांबवला. तरी त्या आठवड्यात तिथल्या आपल्या मुलांच्या आईवडिलांची काय अवस्था झाली असेल याचा विचार करा.

म्हणून नकार आला तर तो तिच्या बुद्धीचा निकाल नाही, हे मार्चअखेर निकाल लागायच्या आधीच घरात बोलून ठेवा. आणि सगळी अंडी या टोपलीत ठेवू नका. बारावीच्या वर्षात हे अर्ज १ जानेवारीच्या आसपास जातात, त्याच महिन्यात जेईई मेनचं पहिलं सत्र असतं आणि फेब्रुवारीत बोर्ड. सहा-सात कॉलेजांपेक्षा जास्त अर्ज तिला झेपणार नाहीत. वरच्या ‘नीड-ब्लाइंड’ आठांपैकी पाच निवडा आणि हवी तर ‘नीड-अवेअर’मधली एक-दोन, तीही मदत मागूनच. अर्जाची फी बहुतेक ठिकाणी ७५ ते ९० डॉलर असते. परवडत नसेल तर माफी मागता येते, मागा. नोव्हेंबरमध्ये लवकरचे अर्ज असतात, त्यातला ‘अर्ली डिसिजन’ हा प्रकार बांधून घेणारा आहे, म्हणजे निवड झाली की तिथेच जायचं. सही करण्याआधी ते नीट वाचा.

इथल्या वाटाही चालू ठेवा. आयआयटीची शिकवणी फी वर्षाला दोन लाख. उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर त्यातली दोन तृतीयांश माफ होते, तुम्ही त्यात बसत नाही, पण दोन लाख आणि वसतिगृह हा तुमच्या पगारातून पेलणारा आकडा आहे. पुण्याची आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान संस्था तर तुमच्यापासून काही तासांवर. तिथून चांगली बीएस-एमएस करून अमेरिकेत पीएच.डी.ला जाणाऱ्यांना विज्ञानात बहुधा फी माफ आणि वर विद्यावेतन मिळतं. वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी गेलं म्हणून काही हुकत नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठीच आहे, पदवीसाठी नाही, हेही सांगून ठेवते, कारण ‘ती मिळवून देतो’ म्हणूनही पैसे घेतले जातात.

धाकट्यासाठी एक. मुळशीजवळ यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज आहे, अकरावी-बारावीचं, निवासी. तिथेही घरच्या गरजेप्रमाणे मदत मिळते. तिथून बाहेर पडलेल्या मुलांना अमेरिकेतल्या शंभराच्या आसपास कॉलेजांत डेव्हिस नावाच्या शिष्यवृत्ती कार्यक्रमातून पैशांची मदत होते. अर्ज बहुधा दहावीत असताना करतात, म्हणजे तुमच्याकडे तीन वर्षं आहेत.

दिरांशी बोलताना वाद घालू नका. त्यांना लेकीची काळजी आहे, म्हणूनच ते जमिनीवर बोलले. हा कागद त्यांना वाचायला द्या, आणि सामाईक गटाचा खुलासा लिहिताना त्यांनाच सोबत घ्या. हिश्श्यांचा हिशेब त्यांना तुमच्यापेक्षा नीट माहीत असेल.

आणि ताई, दूध संस्थेच्या त्या पावत्यांची छपाई टिकत नाही, वर्ष-दीड वर्षात कागद कोरा होतो. जुन्या पानांवरचे आकडे अजून वाचता येतायत तोवर लेकीला ते तारखेसकट पेनने उतरवून काढायला सांगा, आणि आज संध्याकाळी धार झाली की प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.